पेंचच्या काठावर मुक्कामाची सोय करणाऱ्या सर्वांना खुले पत्र: जंगलाची रात्र अंधारी राहू द्या

प्रति,
सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार, कोलितमारा आणि आसपासच्या गावांत रिसॉर्ट, कॉटेज, होम-स्टे चालवणारे सर्व भाऊ आणि ताई यांस,

सप्रेम नमस्कार.

१ ऑक्टोबरला पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरची, म्हणजे आतल्या राखीव जंगलाची, गेटं उघडतील आणि दिवाळीपासून आपल्या सगळ्यांच्या खोल्या भरू लागतील. त्याआधी आपण आपसात एक गोष्ट ठरवून घ्यावी, म्हणून हे पत्र. वनविभागाला किंवा पर्यटन संचालनालयाला अर्ज देता आला असता, पण हे काम त्यांच्या सहीने होणारं नाही. दिवे आपले, स्पीकर आपले, बटणंही आपल्याच भिंतीवर. माझी विनंती एवढीच आहे की या हंगामापासून आपल्या आवारातला उजेड जमिनीपुरता ठेवावा आणि रात्री दहानंतर कुठलाही आवाज खोलीच्या बाहेर जाऊ देऊ नये. सगळ्यांनी, एकाच वेळी.

मी नागपूरची. बफरमधल्या, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यातल्या, एका गावाला लागून आमचं दोन खोल्यांचं घर आहे. सागाच्या वाशांवर कवेलू, पुढे ओसरी, मागे नाला आणि नाल्यापलीकडे सातपुड्याचा उतार चढत जातो. गावातलं एक कुटुंब आणि आम्ही मिळून ते चालवतो. स्वयंपाक त्या घरच्या मावशींचा: जवसाची चटणी, वांग्याचं भरीत, थंडीत चुलीवरचे पानगे. हे काम किती चिवट आहे ते तुम्हाला सांगायला नको. वानरांची टोळी एकदा छपरावरून उड्या मारत गेली की कवेलू फुटतात, आणि दरवर्षी मृगाच्या आधी सगळं छप्पर फेरून घ्यावं लागतं. पावसाळ्यात गाद्यांना बुरशी, उन्हाळ्यात विहिरीचा तळ, बाराही महिने लाकडाला वाळवी. पाहुण्यांची ओळखपत्रं, परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांच्या आत त्याची सरकारी नोंद, अन्न परवाना, वीजबिल, हे सगळं सांभाळून जे उरतं ते आपल्या हाती येतं. म्हणून हे पत्र बाहेरून आलेला उपदेश समजू नका. तुमच्याइतकीच माझीही रोजीरोटी या जंगलावर आहे.

आपण पाहुण्याला नेमकं काय विकतो, याचा विचार मी बराच केला आहे. खाट, गरम पाणी, जेवण नागपुरातही मिळतं आणि आपल्यापेक्षा चांगलं मिळतं. वाघ आपला नाही. तो दिसला तर जिप्सीवाल्याचं आणि गाइडचं नशीब, नाही दिसला तर पाहुणा हिरमुसून खोलीवर येतो. त्या माणसाला संध्याकाळी सात ते पहाटे पाच या वेळात आपण काय देतो, त्यावर तो पुन्हा येणार की नाही ते ठरतं. आमच्याकडे पुन्हा पुन्हा येणारी कुटुंबं आहेत. त्यांतल्या कित्येकांना आजवर वाघ दिसलेला नाही. ओसरीवर दिवा मालवून बसलेलं असताना नाल्याकडून सांबराचा एकच ठणठणीत आवाज आला, मग दुसरा आला, आणि घरातली पोरं आपणहून गप्प झाली, हे मात्र ते दर वेळी आठवून सांगतात. नागपुरातल्या मनीषनगरच्या चौथ्या मजल्यावर वाढणाऱ्या मुलाला कृत्तिकांचा पुंजका नुसत्या डोळ्यांनी पहिल्यांदा दिसतो, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. दरपत्रकात तो लिहिता येत नाही, पण आपला धंदा त्यावरच उभा आहे.

आणि हे फक्त माझं म्हणणं नाही. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचं आकाश अंधारं जपणाऱ्या जागेचा, दर्जा मिळाला. भारतातलं हे पहिलं, आशियातलं पाचवं. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलण्यात आले. नवे दिवे जमिनीकडे तोंड करून आहेत. ज्या गावांत रात्री दिवा हवाच, जिथे म्हातारी माणसं अंगणात उतरतात, जिथे बिबट्याची भीती पाहुण्यांपुरती नसून रोजची आहे, त्या गावांनी आपले दिवे खाली वळवले. आणि आपण? सिल्लारीच्या रस्त्याने रात्री गाडीने येऊन बघा. गावाचा उजेड गावापुरता आहे. पांढरा झोत येतो तो आपल्या कमानींमधून, लॉनवरून, झाडांच्या बुंध्यांना बांधलेल्या हिरव्या-निळ्या दिव्यांमधून. ज्या प्रमाणपत्राचं नाव आपण जाहिरातीत लिहितो, ते मिळवताना गावकऱ्यांनी सोसलं आणि मोडतो आहोत आपण. हे मला मनापासून टोचतं.

महामार्गाचंही तसंच. राष्ट्रीय महामार्ग ४४ रुंद केला तेव्हा पेंचच्या पट्ट्यात जनावरांसाठी रस्त्याखालून वाटा सोडल्या गेल्या. त्यांतली महाराष्ट्राच्या हद्दीतली सर्वांत लांब वाट साडेसातशे मीटरची आहे. कॅमेऱ्यांनी त्या वाटांवरून वाघ जाताना टिपले आहेत. पलीकडे सिवनीच्या बाजूला तर गाड्यांचा आवाज आणि उजेड जंगलात जाऊ नये म्हणून रस्त्याच्या कडेला उंच पत्रे उभे केले. ट्रकांसाठी एवढा खर्च झाला. महामार्ग ओलांडून आलेलं जनावर पुढे आपल्याच कुंपणाशी येऊन पोचतं.

दिव्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे खर्च कमी आणि फरक मोठा आहे. बाहेरच्या प्रत्येक दिव्याला वरून आणि बाजूंनी झाकण हवं, म्हणजे दुरून बल्ब दिसणार नाही, फक्त खाली पडलेला उजेड दिसेल. पांढरा-निळसर एलईडी काढून पिवळसर लावा. खोक्यावर २७०० के किंवा फार तर ३००० के लिहिलेलं असतं, तेच घ्या. निळसर उजेड हवेत जास्त विखुरतो आणि आकाश धुवून टाकतो. पायवाटेला गुडघ्याच्या उंचीचे दिवे पुरतात. पार्किंगला माणूस आला की लागणारा आणि थोड्या वेळाने आपोआप विझणारा दिवा बसवा. बाकी सगळ्याला टायमर. झाडांवर सोडलेले झोत मात्र पूर्ण काढा, त्यांचा काहीच उपयोग नाही. मोहाची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं त्यांच्यासाठी येतात आणि पहाटे ती फुलं टपटप खाली पडतात. अशा झाडाला रात्रभर उजेडात उभं केलं की त्याचं सारं येणंजाणंच थांबतं. जूनच्या तोंडाशी काजवे येतात. त्यांची जोडी जुळते ती एकमेकांच्या लुकलुकण्यावर. आपल्या लॉनच्या दिव्याखाली ती खूण दिसतच नाही. आमच्या नाल्याकाठी अजून काजवे आहेत. पूर्वी ज्यांच्या आवारात होते आणि आता नाहीत, त्यांनी एकदा सगळे दिवे बंद ठेवून एक-दोन उन्हाळे जाऊ द्यावेत.

अंधाराची भीती वाटते, पाहुणे तक्रार करतात, हे मी ऐकून आहे. भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नये. पण फ्लडलाइटने ती कमी होत नाही. प्रखर झोताच्या पलीकडचं काहीच दिसत नाही, त्यामुळे पाहुणा त्या उजेडाच्या कडेवर येऊन जास्त घाबरतो. सापाचं म्हणाल तर फ्लडलाइटखाली किडे जमतात, किड्यांमागे बेडूक येतात आणि बेडकांमागे साप. मण्यार रात्री फिरते. तिचा दंश कित्येकदा झोपेत कळतही नाही. तिच्यापासून वाचवते ती गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, जमिनीपासून उंच खाट, दाराखालची बुजवलेली फट, भिंतीला टेकून न रचलेलं जळण आणि घराभोवती कापलेलं गवत. सोबत प्रत्येक खोलीत एक चांगली बॅटरी, आणि दारामागे जवळच्या सरकारी रुग्णालयाचा व गाडीवाल्याचा नंबर. पाहुणा आला की आधी हे दाखवावं, मग त्याला ओसरीवर बसवून सगळे दिवे मालवावेत. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ मोबाइल खिशात ठेवायला सांगा. पहिली दहा मिनिटं पोरं चुळबुळ करतात, बायकांना काळजी वाटते, कोणी उठून बटण शोधतो. नंतर कोणालाच दिवा नको असतो. थंडीत मृग आणि व्याध डोक्यावर येतात. एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीनंतर दक्षिणेकडे वृश्चिकाच्या शेपटीपाशी आकाशगंगेचा दाट पट्टा वर येतो. त्याच दिशेला क्षितिजावर नागपूरचा पिवळट उजेडही दिसतो. माझे पाहुणे तो पाहून विचारतात, आपण रोज त्याच्या खाली राहतो का?

अमावास्येच्या आसपासच्या रात्री मी आता वेगळ्या काढून ठेवते. आठवड्याच्या मधल्या वारी, एरवी रिकाम्या जाणाऱ्या खोल्या त्या तारखांना भरतात. आकाश पाहणारी मंडळी शांत असतात, दुपारी झोपतात आणि पैशासाठी घासाघीस करत नाहीत. हा पैसा सगळ्यांना मिळू शकतो. फक्त शेजारचा झोत बंद हवा.

आता आवाजाचं. कायदा तुम्हाला ठाऊक आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सरकार वर्षातल्या ठरावीक दिवसांना मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, तेवढीच. जंगलाच्या कडेला मात्र मला दहा वाजण्याची वाट पाहणंही पटत नाही. गेल्या लग्नसराईत आमच्यापासून दूर असलेल्या एका रिसॉर्टच्या लॉनवर डीजे लागला होता. त्या रात्री आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. पुण्याहून आलेलं एक वयस्क जोडपं पहाटेची सफारी सोडून सकाळीच निघून गेलं. पैसे परत दिले, त्याचं दुःख नाही. त्यांना मी वर्षभरापूर्वीपासून फोनवर सांगत आले होते की इथे रात्री रातव्याचा आवाज ऐकू येतो.

रातवा हा साधा, मातकट रंगाचा पक्षी. दिवसा पालापाचोळ्यात बसलेला असला तर पायाशी असूनही दिसत नाही. त्याची सगळी ओळख आवाजावर. पिंगळा, घुबड, भेकर, चितळ, सगळे रात्री एकमेकांना आवाजावर ओळखतात. बिबट निघाला की चितळ ओरडतं आणि सारं रान सावध होतं. डीजेच्या धडधडाटात हा इशारा कोणालाच ऐकू जात नाही, ना जनावराला, ना वावरात जागलीला बसलेल्या कास्तकाराला. त्या कास्तकाराचा विचार मला जास्त अस्वस्थ करतो. देवलापार आणि पारशिवनीच्या भागात गेल्या काही वर्षांत वाघाच्या हल्ल्यात माणसं गेली आहेत. मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटे अंधारात टोपली घेऊन मोह वेचायला जातात. आपल्या लॉनच्या उजेडाने आणि आवाजाने बिचकून जनावराने नेहमीची वाट सोडली, तर ते कोणाच्या धुऱ्याने जाईल? आपल्या पाहुण्यांना भिंती आहेत. त्या बायांना नाहीत.

याच ओघात मागच्या अंगणाचंही सांगते. कोंबडीची हाडं, उरलेला भात, मटणाचा कचरा मागे टाकला की गावातली आणि महामार्गावरची कुत्री जमतात. कुत्र्यांमागे बिबट येतो, कारण कुत्रं हे त्याचं सोपं भक्ष्य. मग एक दिवस तो स्वयंपाकघराच्या दाराशी दिसतो आणि आपणच ‘पिंजरा लावा’ म्हणून वनविभागाला फोन करतो. यात रोगाचीही गोष्ट आहे. २०१८ साली गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. हा रोग कुत्र्यांमध्ये सर्रास असतो. ओला कचरा झाकणाच्या टाकीत कुजवा, हाडं खोल पुरा किंवा गाडीने परत पाठवा, आणि आवारातल्या कुत्र्यांना लस टोचून घ्या.

शेकोटीबद्दल दोनच वाक्यं. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत वणव्याचा काळ असतो आणि सागाची वाळकी पानं तेव्हा घोट्यापर्यंत साचलेली असतात, म्हणून त्या काळात उघडी आग नको. थंडीत लोखंडी घमेल्यात, झाडून साफ केलेल्या जागेवर, शेजारी पाण्याची बादली ठेवून, आणि ३१ डिसेंबरला आकाशकंदील उडवणं पूर्ण बंद.

तुमच्यातले काही जण म्हणतील की तुझं दोन खोल्यांचं आहे, तुला बोलणं सोपं. हे मला मान्य आहे. ज्यांच्या डोक्यावर बँकेचा हप्ता आहे, पन्नास माणसांचे पगार आहेत, त्यांना एका लग्नात जे मिळतं ते मला वर्षभरात मिळत नाही. म्हणूनच मी कोणाला एकट्याने नकार द्या असं सांगत नाही. एकट्याने नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या कमानीत जातं, डीजे तोच राहतो आणि नाही म्हणणाऱ्याचं तेवढं नुकसान होतं. सगळ्यांनी मिळून सांगितलं की पेंचच्या काठावर उघड्यावर स्पीकर लागत नाही, तर लग्नवाल्याला विचार करावा लागेल. त्याला डीजे हवा असेल तर नागपुरात वर्धा रोडपासून कामठी रोडपर्यंत लॉनच लॉन आहेत. ज्याला जंगलात लग्न हवं, त्याने दुपारचा मुहूर्त धरावा, सनई-चौघडा लावावा, गावातल्या बायांच्या हातचं जेवण द्यावं आणि सूर्य मावळला की मांडव शांत करावा. अशी लग्नं करणारी माणसं वाढत आहेत. त्यांच्याकडून दर चांगला घ्या, कारण तुम्ही त्यांना दुर्मिळ गोष्ट देत आहात.

नागपूरकर पाहुण्यालाही आपण थोडं सांगितलं पाहिजे. तो ज्या नळाचं पाणी पितो ते तोतलाडोह आणि नवेगाव खैरीच्या धरणांतून जातं, पेंच नदीचं असतं, आणि ती नदी याच डोंगरांतून उतरते. मी आमच्या जेवणाच्या टेबलावर हे दरवेळी सांगते. लोक ऐकतात, प्रश्न विचारतात. मुक्कामाचे नियम आधी फोनवर, मग आरक्षणाच्या निरोपात आणि मग दारात तोंडी सांगितले की नव्वद टक्के भांडणं होतच नाहीत, असा माझा तरी अनुभव आहे. ‘इथे रात्री आवाज चालत नाही’ हे ऐकून फोन ठेवणारा पाहुणा जाऊ द्या. त्याच्या जागी येणारा त्याच वाक्यासाठी येतो.

सप्टेंबरमध्ये, गेटं उघडायच्या आधी, आपण एकदा बसू या. जागा तुमच्यापैकी कोणाचीही चालेल, नाहीतर आमच्या ओसरीवर. येताना प्रत्येकाने आपल्या आवारातल्या बाहेरच्या दिव्यांची यादी आणावी: किती, कुठे, कोणत्या रंगाचे, किती वाजता विझतात. झाकणं आणि पिवळे बल्ब एकत्र मागवले तर स्वस्त पडतील, दिवे फिरवून द्यायला गावातली दोन-तीन इलेक्ट्रिशियन पोरं तयार आहेत. आकाश दाखवण्यासाठी गावातल्या मुलामुलींना शिकवायचं, तर त्याचा खर्च कसा वाटून घ्यायचा तेही बोलू. ज्यांनी हिवाळ्यातली लग्नं आधीच घेतली आहेत आणि आगाऊ रक्कम स्वीकारली आहे, त्यांनी तर नक्की या. ती लग्नं मोडावीत असं कोणी म्हणणार नाही. त्यांच्या गिऱ्हाइकांशी काय आणि कसं बोलायचं, वेळ किती मागे घ्यायची, स्पीकर हॉलच्या आत कसा न्यायचा, हे त्यांच्यासोबत बसूनच ठरवू.

आपली,
बफरमधल्या दोन खोल्यांच्या घराची मालकीण
नागपूर